वरून गेलेलं विमान

वडील सकाळी उशिरा गेले. भाऊ हैदराबादला असतो. गाडीने निघाला असता तर रस्त्यातच रात्र झाली असती, म्हणून त्याने विमान धरलं, आणि ते नेमकं उशिरा सुटलं. आमच्या घरात दिवस मावळल्यावर अग्नी देत नाहीत. अंगणात जमलेल्या सगळ्यांचं लक्ष माझ्या मोबाईलकडे होतं. नकाशावर एक पिवळं विमान हळूहळू सरकत होतं.

"हे त्याचंच इमान कशावरून?" धाकट्या चुलत्यांनी विचारलं.

मी सांगितलं, जमिनीवरचं रडार विचारत असतं, तू कोण. विमानात ट्रान्सपॉन्डर नावाचं यंत्र असतं, ते आपोआप उत्तर देतं: त्या विमानाला नेमून दिलेला चार आकडी क्रमांक आणि उंची. त्याच यंत्राचे संदेश टिपून मोबाईलवर हे चित्र दिसतं.

"एवढं बोलतंय, तं आपल्या वाटूरच्या फाट्यावरच उतर म्हणा त्याला."

दोघंतिघं हसले.

आईला मात्र ते सगळं चटकन उमगलं. वडील तुरीत दिसेनासे झाले की ती बांधावरून हाक मारायची. ते आतून ओ द्यायचे, आणि त्या आवाजाच्या रोखाने ती भाकरी घेऊन जायची.

"ओ देऊन राह्यलंय म्हण की," ती म्हणाली.

थोड्या वेळाने ते विमान खरोखरच आमच्या डोक्यावर आलं. उन्हात चमकणारा ठिपका, आवाज मागून येणारा. आई वडिलांच्या उशापासून उठली, अंगणाच्या मधोमध गेली आणि शेतात मारायची तशी लांब हाक भावाच्या नावाने मारली.

"त्याला ऐकू जात न्हाई, वहिनी," चुलते हळूच म्हणाले.

विमान संभाजीनगरकडे निघून गेलं. तिथे उतरून पुन्हा जालन्यावरून इतक्या लांब मागे यायचं. ऊन तुरीच्या शेंड्यांवर आलं होतं. चुलत्यांनी आईकडे न बघता मला विचारलं, "बाई, अजून किती येळ?"

"अंधार पडेल," मी म्हणाले. ते मलाच म्हणावं लागलं.

अग्नी चुलत्यांनी दिला.

भाऊ आला तेव्हा अंगणात पाणी शिंपडून झालं होतं. तो ओट्यावर टेकला.

"मी वरून गाव शोधत होतो," तो म्हणाला. "माझी खिडकी दुसऱ्या बाजूला होती."

"मी हाक मारल्ती," आई म्हणाली.

तो खाली वाकून बराच वेळ बुटाच्या नाड्या सोडत राहिला.