बेल्ह्याच्या सायबर कॅफेत झालेलं ऑपरेशन

मंडळी, आज मामांसोबत बेल्ह्याच्या बैलबाजारात बैल बघायला गेलो आणि सायबर कॅफेत अडकलो.

ऑफिसचा फोन आला. पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरची डिस्क भरत आली होती. पेशंटचे रिपोर्ट येत होते, त्यामुळे बंद करायची सोय नव्हती. सर्व्हर व्हर्च्युअल, म्हणजे दुसऱ्या मोठ्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरनं उभा केलेला असल्यानं सहकाऱ्यानं तिकडून चालू मशीनलाच नवी डिस्क जोडली, पण लिनक्सला ती दिसेना. मी कॅफेतून लॉगिन केलं, नव्यानं शोधायची कमांड दिली, तेव्हा दिसली. मग ती वापरून सर्व्हरची जागा वाढवायची कमांड लावली.

काळ्या स्क्रीनवर नुसता कर्सर लुकलुकत होता. कॅफेवाले भाऊ मागून आले. "हँग झालंय राव. रीस्टार्ट मारतो."

मी त्यांचा हातच धरला. "भाऊ, पाच मिनिटं थांबा. तिकडं पेशंट आहेत."

भाऊ दोन पावलं मागं सरले आणि दारातल्या व्यापाऱ्यांना म्हणाले, "आत येऊ नका पावणं, ऑपरेशन चाललंय."

जागा वाढली. सर्व्हर क्षणभरही थांबला नाही. बाहेर आलो तर दहाबारा माणसं गप उभी होती. मामांनी हळूच विचारलं, "वाचला का रं?"

"वाचला," मी म्हणालो.

आता सगळ्या बाजारात मी डॉक्टर झालोय. तुम्ही तुमच्या मामांना नोकरी कशी समजावता?