बटनाशिवायची दोन गाणी

आधी चाचींचं सांगतो. वारंगा फाट्यावर टायर-पंक्चरचं दुकान चालवणाऱ्या चाची नसत्या, तर आमच्या बँडच्या पहिल्या अल्बमवर माझा एकही सूर लागला नसता. आमचं नातं काहीच नव्हतं. त्या मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच. मी सिंधुदुर्गातल्या खाडीकाठच्या भजनी घरातला. हे पहिल्यांदा लिहून ठेवायचं कारण असं, की पुढं मी माझ्याच काळजीत गुंतत जाईन आणि त्या मागं पडतील, अशी मला भीती वाटते. भीती मला कशाचीही वाटते.

आठवीत दुसऱ्यांदा बसायची वेळ आली तेव्हा मी शाळा सोडली. गावात भजनाला पेटी वाजवायचो, ते ऐकून एका ऑर्केस्ट्रावाल्यानं विचारलं आणि मी कीबोर्ड घेऊन त्याच्या टेम्पोत बसलो. बाबा पायरीवर उभे होते. म्हणाले, "गेलंस तर परत तोंड दाखवू नको." मी गेलो. लग्नं, जत्रा, हळदीचे कार्यक्रम करत करत आम्ही मराठवाड्यात उतरलो आणि वारंगा फाट्यावर टेम्पोचा गिअरबॉक्स बसला. मालकानं तिथंच सांगितलं की यापुढं ऑर्केस्ट्रा बंद, ज्यानं त्यानं घर गाठावं. बाकीचे रडत-हसत नांदेडच्या गाडीत चढले. मला घर गाठायचं नव्हतं. मी कीबोर्ड मांडीवर घेऊन टायरांच्या ढिगावर बसून राहिलो.

"काहून रे, तुझी गाडी गेली की," चाची म्हणाल्या. ट्रकचं चाक खोलत होत्या. चाचांची कंबर गेल्यापासून दुकान त्याच बघायच्या. त्यांनी हातातल्या पान्यानं वर दाखवलं. "माळ्यावर जुने टायर हायेत. सरकवले तर झोपता येते."

मी टायर सरकवले.

तिथंच राहून मी मिळेल त्या कार्यक्रमात वाजवायला जायचो. वसमतच्या एका लग्नात वाजवताना ड्रमवाल्याशी ओळख झाली आणि त्याच्यामुळं बँडमध्ये आलो. चौघं होतो. गिटार वाजवून गाणारा हा वसमतच्या हळदीच्या व्यापाऱ्याचा मुलगा. पुण्यात इंजिनिअरिंग करून परत आलेला, आणि गाणी सगळी त्याचीच. बेस गिटारवाल्याचं जवळा बाजारला मोबाइलचं दुकान होतं. वसमतमध्ये रॉक म्हटलं की लोक हसायचे. ड्रमवाल्याला त्याचे मामा विचारायचे, "वरातीत बी न्हाई, मयतीत बी न्हाई, मग हे वाजवून राहिले कशात तुमी?" तरी दीड-दोन वर्षं आम्ही टिकलो, आणि शेवटी अल्बम करायचं ठरलं.

गिटारवाल्याच्या वडिलांचं गोदाम नवी हळद यायच्या आधी रिकामं असतं. तेवढेच दिवस आमचे. भिंतींवर बारदान टांगलं, म्हणजे आवाज घुमणार नाही. पण त्या बारदानात वर्षानुवर्षांची हळद मुरलेली. ड्रमवर काठी पडली की पिवळी धूळ उडायची आणि गाण्याच्या ऐन मध्यात कुणीतरी शिंकायचं. नांदेडहून लॅपटॉप आणि माइक घेऊन आलेला रेकॉर्डिंगवाला तोंडाला रुमाल बांधून बसायचा. गिटारवाल्याचा एकच हट्ट होता. चौघांनी एकत्र, एका दमात वाजवायचं. तुकडे जोडायचे नाहीत. जोडलेलं गाणं त्याला खोटं वाटायचं.

माझं काय होतं, ते आता सांगायला हवं. मला कीबोर्डवर सगळ्या पट्ट्या येत नव्हत्या. ऑर्केस्ट्रात गायक म्हणेल 'काळी चार', म्हणेल 'पांढरी पाच'. आपण एक बटन दाबायचं. त्या बटनानं अख्खा कीबोर्ड वर किंवा खाली सरकतो आणि बोटं मात्र आपल्या सवयीच्या जागीच राहतात. आमच्याकडं सगळे असंच वाजवायचे, त्यात लपवायचं काही आहे असं मला कधी वाटलंच नाही. मी शेकडो गाणी एकाच जागेवरून वाजवली होती. बँडमध्येही तेच केलं. आमची दोन गाणी मध्येच वरच्या पट्टीत जायची. तिथं मी चट्‌कन बटन दाबायचो.

पण बटन दाबलं की धरून ठेवलेला सूर तुटतो. स्टेजवर ड्रमच्या दणक्यात ते कुणाला कळत नव्हतं. गोदामात हेडफोन लावून ऐकलं, तेव्हा ऐन चढावर माझा सूर कुणी गळा दाबल्यासारखा बंद पडत होता आणि परत उगवत होता.

"हे काय होतंय?" रेकॉर्डिंगवाल्यानं विचारलं.

"बटन," मी म्हणालो.

"मग दाबू नको ना."

"दाबलं नाही तर कुठं वाजवू?"

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. गिटारवाल्याला मात्र कळलं. त्यानं मला न दाबता ते गाणं वाजवायला लावलं. मी चार सूर चाचपडलो आणि थांबलो. ड्रमवाला उगीच पेच आवळत बसला.

"दोन वर्षं तू आम्हाला बटनावर चालवलंस होय," गिटारवाला म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. मग बाहेर जाऊन फोन करून आला. "नांदेडला एक सर आहेत, पियानो शिकवतात. सोमवारी येतायत. हळद आत यायला लागली की बाबा एक दिवस थांबणार नाहीत, माझा नाइलाज आहे. तू ये सोमवारी. जमलं तर बघू."

'बघू' याचा अर्थ मला शाळेपासून माहीत आहे.

कीबोर्ड पाठीला लावून मी एसटीनं फाट्यावर आलो आणि माळ्यावर जाऊन बॅग भरायला लागलो. आई दर रविवारी फोन करून विचारायची, "जेवलंस काय? घराक कधी येतलंस?" आता तिला सांगता आलं असतं, येतो. पण बाबांसमोर काय घेऊन उभा राहणार होतो? अल्बम झाला असता, तर निदान एक गोष्ट पुरी केली असं दाखवता आलं असतं. शाळा अर्धी, ऑर्केस्ट्रा अर्धा आणि आता हेही अर्धंच.

चाची शिडीवरून डोकं वर काढून बघत होत्या.

"कुठं चालला?"

मी सगळं सांगितलं. त्यांना त्यातलं कितपत कळलं कोण जाणे. त्यांनी एवढंच विचारलं, "कोनतं बटन?"

मी दाखवलं. शेजारी शेजारी दोन छोटी बटनं, एक वर न्यायचं, एक खाली आणायचं.

"ह्याच्याशिवाय येते का वाजवायला?"

"लोकांना येतं. मला नाही."

त्यांनी कीबोर्ड उचलला आणि खाली घेऊन गेल्या. मला वाटलं, नीट बघायला नेलाय. मी उतरेपर्यंत त्यांनी बटनांभोवतीची जागा कानशीनं खरवडली होती, वर सोल्युशन फासलं होतं आणि ते वाळायला फुंकर मारत होत्या. मी "चाची, चाची" करत धावलो. त्यांनी ट्यूबला लावायचा रबराचा पॅच दोन्ही बटनांवर बसवला आणि हातोडीच्या दांड्यानं ठोकून पक्का केला.

बाजेवरून चाचा म्हणाले, "अगं, त्याच्या पेटीला पंक्चर काढलं का केलं?"

"काढलं," चाची म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "आता दाब."

मी दाबून बघितलं. बोट रबरावर घसरलं. मला रडू फुटलं. एवढी एकच चीज माझी स्वतःची होती.

"तकलीफ होईल," त्या म्हणाल्या. "पन बॅग भरून बी तकलीफच व्हनार हाय ना? मग हितं बसून होऊ दे."

ते दिवस मला आजही नकोसे वाटतात. सकाळी दुकान उघडलं की मी माळ्यावर बसायचो. ज्या गाण्यांवरून माझी बोटं झोपेत चालली असती, ती नव्या पट्टीत वाजवायला गेलो की लहान लेकरू चिखलात चालावं तशी पडायची. काळी पट्टी कुठं येते, अंगठा कुठून काढायचा, काही कळत नव्हतं. चुकलो की मी थांबायचो, आणि थांबलो की खालून चाची रिमवर टायर काढायची लोखंडी टामी आपटायच्या. ठण्‌. संगीतातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण आवाज बंद पडलेला कळायचा. पुन्हा सुरू करायचो. चाक बदलायला थांबलेले ड्रायव्हर वर बघून विचारायचे, "चाची, ह्याची हवा गेली का?" चाची म्हणायच्या, "तुझं चाक झालं, तू निघ." दुपारी भाकरी आणि अंड्याचं कालवण वर यायचं. त्यांची सून परभणीहून फोनवर विचारायची, परक्या पोराला किती दिवस सांभाळणार. चाची फोन कानापासून लांब धरून म्हणायच्या, "आवाज येऊन राहिला न्हाई बराबर."

सोमवारी मी वसमतला पोचलो, तेव्हा सर आधीच आले होते. इस्त्रीचा शर्ट, शांत माणूस. रुमालानं खुर्ची झटकून बसले होते. त्यांनी गाणी एकदा ऐकली आणि दुसऱ्यांदा वाजवली. खरं सांगतो, माझ्यापेक्षा सुंदर वाजवली. बेसवाला माझ्याकडं बघायचं टाळत होता.

मी गिटारवाल्याला म्हणालो, "पट्टी बदलणारी दोन गाणी मी वाजवतो."

"तीच? तीच तर तुला येत नाहीत."

"तीच."

त्याची नजर रबराच्या पॅचवर गेली. "हे काय लावलंस?"

"बटन बंद केलंय."

ड्रमवाला खो खो हसला. "ट्रकचा पॅच हाय ना भाऊ हा? लई दाबलं तर गाडी नांदेडला जाईल." त्या हसण्यानं गोदामातली हवा जरा सैल झाली. गिटारवाला म्हणाला, "बरं, बस."

पहिल्यांदा चुकलो. दुसऱ्यांदा चढावर पोचलो आणि बेसवाला शिंकला. तिसऱ्यांदा गाणं वर सरकलं, मीही बोटं उचलून वर सरकलो आणि सूर तुटला नाही. सफाईदार नव्हता. भीत भीत, कमीत कमी वाजवलं होतं, दोन-दोन सूर धरून. एरवी मी प्रत्येक फट भरून काढायचो, ऑर्केस्ट्राची खोड. त्या दिवशी भरायला बोटंच नव्हती. शेवटची झांज विझल्यावर रेकॉर्डिंगवाल्यानं रुमाल काढला आणि म्हणाला, "हे ठेवू." दुसरं गाणंही असंच धडपडत झालं.

बाकीची गाणी सरांनी वाजवली. ती मलाही येत होती, त्यांत पट्टी बदलत नव्हती, पण आता माझ्या कीबोर्डचं बटन बंद होतं आणि त्या पट्ट्या शिकायला वेळ नव्हता. सर निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "त्या दोन गाण्यांत तुमचंच राहू द्या." ते चांगुलपणानं म्हणाले, तरी मी दिवसभर कुढत राहिलो. त्याच आठवड्यात गोदामात नवी हळद उतरायला लागली.

अल्बम इंटरनेटवर आला. ऐकणारे बहुतेक आमच्या ओळखीचेच. वर्षभरात गिटारवाला वडिलांच्या गादीवर बसला, ड्रमवाला चाकणला कंपनीत लागला. भांडण वगैरे झालं नाही, नुसतं संपलं. मी आईला दोन्ही गाणी पाठवली. ती म्हणाली, "बाबांनी आयकली. काय बोलले नाय." काही बोलले नाहीत, म्हणजे वाईटही बोलले नाहीत, असं मी धरून चाललोय. अजून घरी गेलेलो नाही. हिंगोलीत खोली घेऊन राहतो, मुलांना कीबोर्ड शिकवतो, आणि पहिल्या दिवसापासून सगळ्या पट्ट्या शिकवतो. मुलं कंटाळतात.

चाचा गेले. रस्ता रुंद करताना दुकानही गेलं. चाची परभणीला मुलाकडं राहायला गेल्या, तिसऱ्या मजल्यावर. मागच्या महिन्यात मी भेटायला गेलो. खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, पदरानं उगीच खिडकीचे गज पुसत. हात मऊ पडलेत, नखांतला काळा रंग गेलाय. मी त्यांच्या कानात इअरफोन घातला आणि पहिलं गाणं लावलं. डोळे मिटून पूर्ण ऐकलं त्यांनी.

"ह्यात तू कोनता?"

"मागं लांबवलेला सूर आहे ना चाची, तो."

"एवढाच?" त्या म्हणाल्या. "दिवसभर तर लई वाजवायचा."

मी हसलो, त्याही हसल्या. मग खाली रस्त्याकडं बघत म्हणाल्या, "सून काही करू देत न्हाई रे. चहा बी न्हाई. बसून बसून हात बेकार होऊन राहिले." तक्रार करायची त्यांची सवय नाही, म्हणून ते जास्त लागलं. निघताना जिन्यापर्यंत आल्या. एवढ्या पायऱ्या उतरणं आता झेपत नाही, म्हणाल्या.

माझं काम माझ्या हातून निसटून चाललं होतं, तेव्हा त्यांनी मला धरून त्या कामापाशी बसवलं. त्यांचं काम त्यांच्या हातून गेलं, तेव्हा मी काहीच करू शकलो नाही. आज माझ्यापाशी एक खोली आणि काही शिकवण्या आहेत. कधी जमेल ते सांगता येत नाही, आणि उशीर होईल या विचारानं मला धास्ती वाटते. तरी हे इथं लिहून देतो. कुठल्यातरी फाट्यावर, रस्त्याच्या कडेला, पत्र्याचं एक दुकान मी उभं करीन. कॉम्प्रेसर, पाण्याची टाकी, पाने, सगळं चाचींचं. जड चाकं मी उचलीन, त्यांनी फक्त खुर्चीवर बसून सांगायचं. वाटलं तर उठून पान्याला हात घालायचा, त्यांना कुणी अडवणार नाही.

चाची, तोवर तब्येत सांभाळा. मी येतो तुम्हाला न्यायला.