रूथआत्याला न मिळालेला घास

फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गावर होते. योहान, माझा आतेभाऊ. "आई गेली, ताई," एवढंच म्हणाला. माणूस गेलं की कधी गेलं, कसं गेलं हे विचारतात. माझ्या तोंडून निघालं, "पास्टर आलते का? प्रभुभोजन दिलं का त्यांनी?" तो म्हणाला, "आलते. प्रार्थना केली. भोजन न्हाई दिलं." या गोष्टीला महिना होऊन गेला, पण माझा संताप काही उतरत नाही. गेलेल्या माणसावर लिहिताना मन शांत ठेवावं म्हणे. ज्यांना जमतं त्यांनी ठेवावं.

केजच्या रस्त्यालाच आमचं गाव आहे. ख्रिस्ती घरं मोजकी, पत्र्याचं लहानसं चर्च. रूथआत्याचा नवरा लवकर गेला आणि पदरात योहान. सुकट-बोंबलाची पाटी घेऊन ती केजचा, नांदूरघाटचा बाजार करायची. एकटी बाई बाजारात बसली की कोण हात लावून बघतो, कोण पाटीत हात घालून मूठभर उचलून चालू पडतो, कोण संध्याकाळी पिऊन येऊन शेजारी टेकतो. बाजारात आत्याच्या पाठीशी ना भाऊ उभा होता ना दीर. तिच्याकडं जीभ होती. तिच्या शिव्या इथं छापता येणार नाहीत. 'मुडदा बशिवला तुझा' ही त्यातली सर्वांत सोज्वळ, ती लाडानं मलाही मिळायची. एकदा तिनं काळीपिवळीच्या ड्रायव्हरला अशी काही झाडली की त्यानं पाटी स्वतः उचलून टपावर ठेवली. पुढं बाजार सुटला, पण तोंड सुटलं ते सुटलंच. गॅस संपला की शिवी, वीज गेली की शिवी, कोंबडी उंबऱ्यावर आली तरी शिवी.

आणि रविवारी हीच बाई चर्चमध्ये रडायची. आमच्याकडं उपासनेत साक्ष देतात. आठवडाभरात देवानं काय केलं, आपलं काय चुकलं, ते उभं राहून सांगायचं. बहुतेकजण नोकरी लागली, ताप उतरला असलं सांगतात. आत्या पदर डोक्यावर घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, "या आठवड्यातबी दिल्या. प्रभू, माफ कर." पोरं फिदीफिदी हसायची. जुने पास्टर मात्र मान हलवायचे आणि म्हणायचे, बसा रूथबाई, ऐकलं त्यानं. आणि प्रभुभोजनात येशूच्या आठवणीनं पोळीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट देतात, ती पोळी तिच्याच हातची असायची. बिनखमिराची, पातळ, मोडली तर आवाज न होणारी. काळ्या मनुका उकळून रस गाळायचा तोही तिनंच. त्या दिवशी चुलीपुढं ओठ घट्ट मिटून बसायची. पोळी करताना एक शब्द बोलायची नाही, निघालाच तर वाईट निघायचा म्हणून.

मग नवे पास्टर आले. तरुण, शिकलेले, बोलायला गोड. वाईट माणूस नव्हे, हे मी आजही म्हणते. पण त्यांची शिकवण अशी की, ज्याचं तारण झालंय, म्हणजे ज्याला देवानं पापातून सोडवलंय, तो तेच पाप पुन्हा पुन्हा करत राहत नाही. करत असेल तर त्याचं तारण झालेलंच नाही. कृपा म्हणजे पाप करायचा परवाना नव्हे, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अहो, पण परवाना मागितला होता कुणी? बाई दर आठवड्याला चारचौघांत उभी राहून रडत होती! पास्टरांनी चर्चच्या पंचमंडळींची सभा घेतली आणि आत्याला ताटावरून उठवलं. म्हणजे चर्चमध्ये यायचं, मागं बसायचं, पण भोजनाचं ताट आलं की मान खाली घालायची. शिव्या सोडल्याचं कबूल करेपर्यंत. आणि त्या पंचमंडळींत कोण होतं? पोराच्या लग्नात हुंड्यात मोटारसायकल घेणारे होते. सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षं न बोलणारे होते. निवडणुकीत बाटल्या वाटणारेही होते. त्यांची पापं गुपचूप चालतात, म्हणून ती चालतात.

आता याच्याही पुढचं ऐका. पोळी दुसऱ्या कुणाला जमेना. कुणाची वातड, कुणाची करपलेली. तेव्हा पास्टरांच्या बायकोनं पीठ पाठवलं, "रूथबाई, तुम्हीच करा ना." आणि आत्यानं केली! ज्या ताटाला हात लावायचा नाही, त्यासाठी पोळ्या लाटल्या. मी ऐकलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शनिवारी गावी जाऊन तिच्याशीच भांडले. म्हटलं, तोंडावर फेकायचं होतंस पीठ, कशाला केलीस? ती म्हणाली, प्रभूच्या पंगतीचं हाय, त्या माणसाचं थोडंच हाय. मी म्हटलं, पेत्र तर प्रभूचा खास शिष्य, त्यानं प्रभूला ओळखतच नाही म्हणून सांगितलं, त्याला उठवलं का कुणी पंगतीतून? ती पीठ चाळता चाळता थांबली.

"पेत्रानं तीनदा केलं, बाई. मी जल्मभर केलं. पास्टर खरं बोलतो. माझी माफी ऐकून ऐकून त्यालाबी ईट आला आसंल."

त्याला म्हणजे देवाला. इतकी वर्षं तिला जी एक खात्री होती, ती या माणसानं एका सभेत काढून घेतली होती. मला राग आहे तो याचा.

दम लागून तिला अंबाजोगाईला भरती केलं, तेव्हा मी भेटून आले. हात धरून म्हणाली, पास्टरला सांग, एकदा भोजन दे म्हणावं. मी फोन केला. येतो म्हणाले, आणि आले. पुढचं योहाननं सांगितलेलं. डबीत पोळीचा तुकडा आणला होता, रसाची छोटी बाटलीही. त्यांनी विचारलं, "आता शिव्या सोडल्या ना? तेवढं फक्त सांगा." आत्या म्हणाली, "सोडल्या म्हणू कशी? सकाळीच सुई टोचनारीला दिली." पास्टरांनी प्रार्थना केली, डबी बंद केली आणि निघून गेले. खोटं बोलली असती तर घास मिळाला असता. मरणाच्या खाटेवर ती खरं बोलली, म्हणून गेला. संध्याकाळी तिनं योहानला विचारलं, "मला घेतील का रं वर?" तो म्हणाला, घेतील की. "तू काय पास्टर हाय व्हय," म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं. त्यानंतर ती बोलली नाही... शिवीसुद्धा दिली नाही.

दफनाच्या वेळी हेच पास्टर पेटीपाशी उभे राहून काय म्हणाले? आमची बहीण कृपेनं तारली गेली, आज ती प्रभूच्या कुशीत आहे. पेटीवर ओतायला एवढी कृपा होती, तर खाटेपाशी कुठं आटली होती? मी पुढं सरकले होते, योहाननं हात धरला म्हणून थांबले.

परवा प्रभुभोजनाचा रविवार होता. पोळी कुणी केली नव्हती, केजहून बेकरीचा पाव आणला होता. पास्टर ताट घेऊन रांगेतून फिरत माझ्यापुढं आले. मी शाळेतली बाई, इस्त्रीची साडी, तोंडात कधी वावगा शब्द नाही. मला कधीच कुणी काही विचारत नाही. मी हळूच बोलले, पण रांगेला ऐकू गेलं.

"पास्टर, महिनाभर मी तुम्हाला मनात आत्याच्या शिव्या देतेय. आत्ता इथं बसूनही दिल्या. उद्या देणार नाही असं म्हणवत नाही. चालेल का?"

त्यांचा चेहरा उतरला. ताट मागं जाईल असं मला वाटलं, मनातून तसं व्हावंसंही वाटत होतं, म्हणजे तिच्या शेजारी बसल्यासारखं झालं असतं. पण ताट हललं नाही. डोळे खाली घालून, जेमतेम ऐकू येईल असं ते म्हणाले, "घ्या, बाई."

मी घेतला. हेच दोन शब्द त्या खाटेपाशी म्हणायचे होते.