पारोसा देव

शेजारचे नाना आठ दिवस गावी निघाले, तेव्हा त्यांनी आपला शाळिग्राम ताम्हनासकट माझ्याकडे ठेवला. "रोज अंघोळ, गंध आणि तुळशीचं पान. देव पारोसा राहता कामा नये," असं दोनदा बजावलं.

गेल्याच महिन्यात हे गृहस्थ जिन्यात माझ्याशी भांडले होते. माणसाचे आणि माकडाचे पूर्वज एकच, हे मी शाळेत त्यांच्या नातीला शिकवलं, एवढाच माझा गुन्हा. "आम्हाला देवानं घडवलंय. तुमचे पूर्वज तुम्ही सांभाळा!"

पहिल्याच अंघोळीला दगडावरच्या वळ्या माझ्या बोटांना लागल्या. हा तर कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्रजीव, दगड झालेला! नाना ज्याला नाकारतात, तोच पुरावा रोज तळहातावर घेऊन पुसतात. त्यांना हे ठाऊक असेल? म्हणूनच गंध इतकं जाड लावतात का? वाद घालणाऱ्या सगळ्यांबद्दलच मला हा संशय येतो. त्यांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, दगड ते नंतर बघतात.

नाना परतले, तेव्हा मी मुद्दाम गंध पुसून वळ्या दाखवल्या आणि त्या कशाच्या तेही सांगितलं.

"असेल," ते म्हणाले. मग माझ्याकडेच निरखून पाहू लागले. "अंघोळ रोज घातलीत?"

"रोज."

"एकदाही चुकली नाही?"

"नाही."

"बघायला तर कोणी नव्हतं. मग का घातलीत?"

मी त्यांचं ताम्हन पुसत राहिलो. ते केव्हाच कोरडं झालं होतं.