भुऱ्याचा झांबियाचा दाखला

दाखला लिहून झाला होता. मी शिक्का शाईच्या पॅडवर टेकवला, तेवढ्यात समोर कुत्रं घेऊन बसलेली सुमन म्हणाली, "डॉक्टरसाहेब, एक सांगायचं राह्यलंय. गेल्या आठवड्यात ह्याला कुत्रं चावलंय."

मी शिक्का खाली ठेवला.

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. मी तेव्हा पोखर्णीला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात होतो. दिवसभर गायी, बैल, शेळ्या. कुत्रं घेऊन येणारं माणूस विरळाच, आणि कुत्र्याला परदेशी नेणारं तर माझ्या नोकरीतलं हे पहिलंच. सुमनचा नवरा गणिताचा मास्तर. झांबियातल्या एका शाळेत नोकरी लागून तो पुढं गेला होता. शाळा गावाबाहेर, घरं एकमेकांपासून लांब. येताना भुऱ्याला आण, असं त्यानंच कळवलं होतं. भुऱ्या साधं गावठी कुत्रं. त्याची आई देवगाव फाट्यावर ट्रकखाली मेली, तेव्हा मास्तरनं त्याला पिशवीत घालून घरी आणलं होतं आणि सुमननं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवलं होतं.

कुत्रं विमानातून न्यायचं तर दोन गोष्टी लागायच्या. एक, रेबीजची लस टोचल्याची नोंद. रेबीज म्हणजे पिसाळण्याचा रोग. दुसरी, फिटनेस सर्टिफिकेट, म्हणजे जनावर निरोगी आहे असा सरकारी डॉक्टरचा दाखला. प्रवासाचा विमा हवा असेल तर त्यालाही हाच दाखला. विम्याचं सुमननं परभणीत विचारलं होतं. तिथला एजंट गायी-म्हशींचे विमे करायचा. विमा उतरवलेल्या जनावराच्या कानात बिल्ला मारतात. तो म्हणाला, बाई, मी कुत्र्याच्या कानात बिल्ला कधी मारला नाही, तुम्ही मुंबईला विचारा. तिनं मुंबईला विचारलं. तिथं एक कंपनी तयार झाली, फक्त दाखला आणा म्हणाली.

लस मीच दोन महिन्यांपूर्वी टोचली होती. कुत्रं तजेलदार होतं. मानेवरची जखम केसांत झाकलेली आणि जवळजवळ भरलेली. ती बोलली नसती तर मला दिसलीही नसती.

चावणारं कुत्रं कुणाचं, असं मी विचारलं. कुणाचंच नव्हतं. शिवारातून आलं, लाळ गळत होती, भुऱ्याला धरलं, पुढच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, एका वासराला चावलं आणि निघून गेलं. पुन्हा कुणाला दिसलं नाही.

"जखम कुणी धुतली?"

"मीच की."

मी तिला हात दाखवायला सांगितले. कापूस वेचणीचे दिवस. बोटांवर बोंडांचे ओरखडेच ओरखडे. पिसाळलेल्या कुत्र्याची लाळ अशा ओरखड्यातूनही आत जाते. कुत्र्याचा दाखला राहिला बाजूला, आधी तिलाच परभणीच्या दवाखान्यात पाठवलं. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत, रोज एक.

ती गेल्यावर मी परभणीला आमच्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, लस टोचलेली आहे, कुत्रं ठणठणीत आहे, कागदावर सगळं बसतंय, मग अडवता कशाला? मी म्हणालो, लस झालेलं कुत्रं बहुतेक वाचतं, पण बहुतेक हा शब्द दाखल्यात लिहिता येत नाही. रोग अंगात शिरल्यावर कधी कधी महिनोन् महिने दिसत नाही. तोवर जनावर खातं, खेळतं, शेपूट हलवतं. साहेब म्हणाले, तुमची सही आहे, तुम्ही बघा.

दुसऱ्या दिवशी मी सुमनला स्पष्ट सांगितलं. भुऱ्याला पुन्हा इंजेक्शनांचा कोर्स आणि सहा महिने वेगळं ठेवणं. तिचं स्वतःचं तिकीट हातात होतं. शाळा ते वर्षातून एकदाच द्यायची. मी सुचवलं की तुम्ही पुढं जा, कुत्रं सासऱ्यांकडं ठेवा.

"मी गेले की दुसऱ्या दिशी लोक मारतेन त्याला," ती म्हणाली. "आन् मग मी कशाला सांगितलं?"

तिनं तिकीट परत केलं. नवऱ्याला पत्रानं कळवलं. लग्न होऊन तीन वर्षं झालेली, त्यातलं एक नवऱ्याविना गेलेलं, आता आणखी एक जाणार. तिनं माझ्यासमोर याची तक्रार एकदाही केली नाही. गोठ्यामागं जाळी मारून भुऱ्याची जागा केली. भाकरीची थाळी काठीनं आत सरकवायची. ज्याला मांडीवर वाढवलं त्याला ती सहा महिने हात लावणार नव्हती, फक्त मी सुई टोचताना तोंड बांधायला तेवढी मदत. शिवाय आखाड्या-आखाड्यावर जाऊन तिनं सगळ्यांना सांगितलं की त्या दिवशीचं कुत्रं बरं दिसत नव्हतं, वासराच्या तोंडाला हात लावू नका. वासराचा मालक चिडला. आमचं वासरू चांगलं हाय, तुमचंच कुत्रं बघा, म्हणाला.

तिची इंजेक्शनं चालू असताना एके दिवशी आंदोलनात एस.टी. बंद पडली. आजचा डोस चुकणार असं मी धरून चाललो. संध्याकाळी कळलं की सासऱ्यांनी पहाटेच बैलगाडी जुंपून तिला परभणीला नेलं होतं. मुख्य रस्ता सोडून शेताशेतानं. हेच सासरे आदल्या आठवड्यात मला म्हणाले होते, "डॉक्टर, मरायची सुई देऊन टाका कुत्र्याला, कशाला जीव टांगनीला लावता?"

महिनाभरानं तो वासराचा मालक धावत दवाखान्यात आला. वासरू खाईना, लाळ गाळायलंय, घशात काहीतरी अडकलंय म्हणाला. मी पोचलो तर वासरू घोगऱ्या आवाजात सारखं हंबरत होतं. पिसाळलेल्या गुराला असंच होतं. घसा लुळा पडतो, आणि लोकांना वाटतं काही अडकलं. मग ते तोंडात हात घालून चाचपतात आणि तिथंच घात होतो.

"हात घातला का तोंडात?" मी विचारलं.

"न्हाई साहेब. घालणारच होतो. सुमनवैनी बोलून गेली होती, म्हणून भ्यालो."

वासरू दोन दिवसांत गेलं. खोल खड्डा करून, चुना टाकून पुरलं. त्याच संध्याकाळी माणसं सुमनच्या दारात जमली. आता तरी कुत्र्याला मारा, असं त्यांचं म्हणणं. मी तिथंच होतो. लस, कोर्स, जाळी सगळं समजावून सांगितलं. ऐकून घेतलं, पण कुणी हललं नाही. मग सासरे ओट्यावरून उठले आणि जाळीसमोर जाऊन उभे राहिले. "सूनबाईनं सांगितलं नसतं तर ह्या गल्लीत आज कोण कोण गेलं असतं?" एवढंच म्हणाले. वासराचा मालक सगळ्यात आधी घराकडं वळला. मग बाकीचे गेले.

भुऱ्याला काही झालं नाही. सहा महिने सरले त्या दिवशी मी जाळी उघडली. ते बाहेर आलं, सुमनच्या पायाशी लोळलं. तिनं खाली बसून त्याला धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मी सायकलची हवा तपासत बसलो.

पुढच्या वर्षी तिकीट आलं. मी नवा दाखला दिला. त्यात चावल्याची, कोर्सची आणि निगराणीची नोंद लिहिली. मुंबईच्या कंपनीनं ती वाचूनही विमा दिला, विमान कंपनीनं पिंजरा चढवून घेतला. सासरे मुंबईपर्यंत सोडायला गेले होते. नंतर झांबियाहून मला एक फोटो आला. पत्र्याच्या घरापुढं मास्तर, सुमन आणि मधे भुऱ्या, तिकडच्या उन्हात डोळे मिटून बसलेला.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कुत्र्यांचे बरेच दाखले दिले. आधी मी लसीची नोंद बघायचो. सुमननंतर आधी मालकाला विचारू लागलो की कुठं चावलंय का, आणि जखम कुणी धुतली. लसीची तारीख कागदावर सापडते. हे दुसरं मालकानं सांगितलं तरच कळतं, आणि सांगून स्वतःचं तिकीट घालवणारी माणसं मला फार भेटली नाहीत.