भाऊजींचं घट्ट ऑइल

माझ्या ताईचा नवरा जुन्या गाड्या विकतो. म्हणजे गाड्या नावाला. विकतो ती खात्री. त्याच्याच आवारात एका कोपऱ्यात मी सीट कव्हरं शिवतो, त्यामुळे ही खात्री मला दिवसभर फुकटात ऐकायला मिळते.

इंजिनात ऑइल घट्ट हवं, हा भाऊजींचा धर्म. कुठल्या इंजिनाला किती पातळ ऑइल लागतं, ते बनवणाऱ्यांनी झाकणावरच छापलेलं असतं. भाऊजी म्हणतात, खुर्चीत बसून आकडे छापणाऱ्यांना काय कळतंय, ऑइल मोजायच्या पट्टीवरून ते ओघळेपर्यंत माणसाला डुलकी लागली पाहिजे. गिऱ्हाईक मान डोलावतं. खरी गोष्ट निराळीच. झिजलेल्या इंजिनात घट्ट ऑइल ओतलं की आतली खडखड दबते, धूर कमी होतो आणि काही दिवस गाडी गुणी लेकरासारखी वागते. तेवढ्यात ती कुणाच्या तरी गळ्यात मारायची. भानगड एकच. गार इंजिनात हे ऑइल लवकर वर चढत नाही आणि चालू करताना पत्र्याचा डबा वाजवावा तसा आवाज येतो. म्हणून भाऊजी गाडी आधी गरम करून ठेवतात आणि सकाळी कुणाला म्हणून बोलवत नाहीत.

तर एक पांढरी गाडी आली होती. इंजिन पार गेलेलं. भाऊजींनी आपलं औषध ओतलं, मी नवी कव्हरं चढवली आणि गाडी नटून उभी राहिली. त्या रविवारी ताईकडे जेवायला लेक-जावई आले होते. जावई समोर बसला की भाऊजींच्या अंगात येतं. त्या गाडीचं कौतुक असं काही सुरू केलं, की डोळे झाकून घ्यावी, दहा वर्षं झाकण उघडायला नको. जावई बिचारा मितभाषी. भाजी वाढून घेत म्हणाला, मग हीच आम्हाला द्या. माझी भाची नर्स आहे, तिची बदली गावाबाहेरच्या दवाखान्यात झाली होती आणि पहाटेची ड्युटी लागली होती.

भाऊजींना ठसका लागला. ताईने पाणी पुढे केलं. मग जी काय सारवासारव सुरू झाली, विचारू नका. म्हणे पांढरा रंग लवकर मळतो. म्हणे एक गिऱ्हाईक आधीच लागलंय. आणि कहर म्हणजे, म्हणे त्या गाडीच्या सीट बोचतात. माझ्या सीट! मेला इंजिनाचा मुडदा झाकतोय आणि नाव माझ्या शिलाईचं खराब करतोय. मला असा संताप आला, पण ताईच्या तोंडाकडे बघून पुढची पोळी मोडली.

दुसऱ्या दिवशी भाची नवऱ्याला घेऊन सकाळीच आवारात हजर. भाऊजी नुकतेच घरून येऊन एका गाडीच्या आरशात केस विंचरत होते. तिने बॉनेटवर हात ठेवला. गार. याच आवारात गाड्यांच्या मधून खेळत वाढलेली पोर ती, तिला बापाच्या वेळा पाठ. किल्ली फिरवली आणि गाडीने जे काही होतं ते सगळ्यांदेखत सांगून टाकलं. तिने बंद केली, पट्टी काढून बघितली, झाकणावरचा आकडा वाचला.

“बाबा, मी यातून रोज पहाटे एकटी जाऊ का?”

एवढंच विचारलं. ज्या माणसाची जीभ कधी टाळ्याला लागत नाही, तो कंगव्यातले केस काढायला लागला. मग पुटपुटला, “नको जाऊस.”

वाटलं, संपलं. पण ती सरळ भाऊजींच्या स्वतःच्या गाडीकडे गेली. ती गाडी त्यांच्या जिवाची, तिला बोट लावायची आम्हाला परवानगी नाही. भाचीने बॉनेट उघडलं, पट्टी काढली. ऑइल स्वच्छ, पातळ, झाकणावर छापलंय तेच. डबा डिकीत होता, तोही तिने बघितला.

“या गाडीचं झाकण बरं वाचता येतं तुम्हाला,” ती म्हणाली आणि हात पुढे केला. भाऊजींनी खिशातली किल्ली काढून दिली. जावयाने मान खाली घातली होती. मला वाटतं तो हसत होता, पण मी शपथेवर सांगणार नाही.

आता भाऊजी रोज पांढरी गाडी घेऊन येतात. ती सकाळी घराकडून निघाली की ताईच्या शेजाऱ्यांना घड्याळ लागत नाही. ऑइल त्यांनी अजून बदललेलं नाही. छापलेलं घातलं तर इंजिन दिवसभर खरं बोलेल.

परवा माझ्या कोपऱ्यात येऊन कंबर चोळत म्हणाले, “सीट खरंच बोचते रे.”

मी म्हटलं, “भाऊजी, तुमच्याच खात्रीची गाडी आहे. होईल सवय.”