साखर न खाणारी मावशी

ब्रिजिटमावशी गेली हे मला दुपारी ऑफिसात कळलं. हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर तिच्या शेजारी बसणाऱ्या बाईंचा फोन आला. मावशी कामावर आली नाही म्हणून त्या खोलीवर गेल्या, तर ती झोपेतच... मी "बरं" म्हणाले आणि अर्धवट राहिलेला ईमेल पूर्ण केला. वाईट काही घडलं की चेहरा कोरा ठेवायचा, ही माझी जुनी सवय. तो कोरा चेहरा वाचता येणारं एकच माणूस दोहात होतं. आता ते वसईच्या मातीत आहे.

मी वाढले दोहाच्या नजमा वस्तीतल्या एका जुन्या व्हिलात. मालकाने जिप्समच्या पातळ भिंती घालून त्यात पाच बिऱ्हाडं बसवली होती. शेजारचा कुकर आपल्याच ओट्यावर शिट्टी देतोय असं वाटायचं. माझे बाबा एसीच्या कंपनीत फोरमन. दिवसभर गच्चीवरच्या उन्हात तापून यायचे, आणि मग मारायला काहीही निमित्त पुरायचं. कमी पडलेले मार्क, मराठीत विचारलेल्याला मी इंग्रजीत दिलेलं उत्तर... पट्टा दाराच्या मागेच असायचा. तो निघाला की बाकीच्या चार घरांतले टीव्ही मोठे व्हायचे. माणसं वाईट नव्हती. पण पोलीस आले तर त्यांना आधी त्या बेकायदा भिंती दिसतील आणि पाचही घरं रस्त्यावर येतील, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांचा व्हिसा गेला तर आईचा आणि माझाही जाणार, हेही. म्हणून आमच्या लोकांनी मारहाणीला एक सोज्वळ नाव दिलं होतं. वळण लावणं.

टीव्ही मोठे झाले की भिंतीपलीकडची ब्रिजिटमावशी स्टीलची रिकामी वाटी घेऊन आमचं दार वाजवायची. "शिंदेभाऊ, वाटीभर साखर द्या हो. मेली संपते तरी कशी, कळत नाही!" बाबा पट्टा मागे धरून दार उघडायचे. आई साखर द्यायची. मावशी ती घेऊन लगेच जायची नाही. "वहिनी, चहा टाका ना... आणि ए बाय, चल, माझा पडदा निघालाय, तेवढा लावून दे." तिला मधुमेह होता. ती बिनसाखरेचा चहा पिते हे अख्ख्या व्हिलाला माहीत होतं. बाबांनाही. तरी ते प्रत्येक वेळी बाजूला व्हायचे. तिच्या खोलीतला पडदा कधीच निघालेला नसायचा. "रडायचं तर रड, नाहीतर गणितं कर," ती म्हणायची. एकदा मी विचारलं, बाबा असे का आहेत? म्हणाली, "तुझा बाप सैतान नाही गं. गाढव आहे. पण गाढवाची लाथ पण लागतेच."

लागतेच. मी वर्गात बाकावर झोपायचे. कुणी मागून हात लावला तर उलटून मारायचे. एका मुलीची वेणी मी अशी ओढली की ती जमिनीवर पडली. शाळेने 'अ‍ॅटिट्यूड प्रॉब्लेम' असं निदान केलं आणि बाबांना बोलावून सांगितलं. त्याचा परिणाम काय झाला, हे त्या शाळेतल्या कुणाला विचारावंसं वाटलं नाही. चिडणारं, खोटं बोलणारं, गप्प होणारं पोर बिघडलेलं नसतं. ते घरी जे सोसतं तेच बाहेर सांगत असतं, फक्त शब्दांत नाही. आजही कुठे दार आपटलं की माझे खांदे आपोआप वर जातात.

माझा मामा गावाकडे चळवळीत. सुट्टीत गेले की तो पत्रकांचा गठ्ठा हातात द्यायचा. त्यातलं 'मुलांना मारणं गुन्हा आहे' हे पत्रक मी एकदा आमच्या दारावर बाहेरून चिकटवलं. बाबा यायच्या आत मावशीने ते काढून टाकलं. मी तिच्यावर ओरडले, "भित्री आहेस तू! तुझ्या वाटीने काही बदलत नाही!"

"हो, भित्री आहे," ती म्हणाली. "शूर माणसं कुठल्या दाराने येणार ते सांग, मी उघडून ठेवते."

मला तिचं पटलं नाही. आजही पूर्ण पटत नाही. वाटीने मार थांबायचा, पण त्या दिवसापुरताच. हे नाटक सगळ्यांनी मिळून चालवलं, आणि त्याची किंमत मी भरली. पण तिने वाटी आणली नसती तर... या 'तर'पाशी माझी सगळी पत्रकं थकतात.

आई-बाबा आता गावी असतात. मावशीची खोली मीच आवरली. स्वयंपाकाच्या फळीवर बरण्या होत्या, एकीमागे एक, सगळ्या साखरेच्या. दमट हवेत साखरेचे दगड झाले होते. आमच्या घरची साखर. मी बरण्या रिकाम्या केल्या आणि वाटी तेवढी घेऊन आले.

मीही नजमातच राहते, अशाच एका पार्टिशनमध्ये. गेल्या शुक्रवारी जेवणानंतर पलीकडच्या घरात पट्ट्याचा आवाज झाला. तो आवाज मला ओळखावा लागत नाही. मग टीव्ही मोठा झाला. मी वाटी घेतली आणि दार वाजवलं. काय बोलायचं ते सगळं तयार होतं, कलमांसकट. दार उघडलं. दमलेला, घामेजलेला माणूस, त्याच्या मागे शाळेच्या वयाची मुलगी, कोऱ्या चेहऱ्याची. आणि माझ्या तोंडून निघालं, "भाईसाब, थोडी चीनी मिलेगी?"

तो बाजूला झाला. मुलीनेच साखर आणली. वाटी भरून माझ्या हातात दिली. मावशी अशा वेळी चहा मागायची. मी नाही मागितला. त्या माणसाकडे बघून म्हटलं, "दीवार पतली है. मुझे सब सुनाई देता है." मग मुलीला माझं दार दाखवलं. "और मेरी चीनी रोज़ खत्म होती है."